गाळातले धातू पाण्यात उतरतात कधी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नदीमुखांतील गाळ उपशाविषयी आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात आलेला सविस्तर लेख वाचला. गाळाने जलमार्ग उथळ होतात, पुराचे पाणी ओसरायला वेळ लागतो आणि म्हणून गाळ वेळच्या वेळी काढला पाहिजे, हे लेखकाचे म्हणणे मला मान्य आहे. मी अडलो तो एका वाक्यावर. 'पाण्याच्या नमुन्यांत सर्व धातू मर्यादेत आढळले असल्यामुळे गाळ काढण्यात काही धोका नाही', असे ते वाक्य आहे. त्याचा पूर्वार्ध खरा असेलही, पण उत्तरार्ध त्यातून निघत नाही. पाण्यात धातू सापडले नाहीत याचा अर्थ ते गाळाने धरून ठेवले आहेत एवढाच असू शकतो, आणि प्रश्न नेमका हा आहे की गाळ ते किती काळ आणि कोणत्या अटींवर धरून ठेवील. नोकरीची बरीच वर्षे मी खाडीच्या चिखलाचे नमुने कापण्यात आणि मोजण्यात घालवली, त्यामुळे या वाक्यावरून पुढे जाणे मला जमले नाही.

प्रथम, गाळ धातू धरतो कसा ते सांगतो. नदीतून येणारे जस्त, तांबे, शिसे, कॅडमियम, निकेल आणि पारा हे धातू पाण्यात सुटे फार काळ राहत नाहीत. मातीच्या बारीक कणांवर लोह आणि मँगनीज यांच्या ऑक्साइडांचा जो पातळ थर असतो, त्याला आणि कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याला ते चिकटतात. नदीमुखात गोडे पाणी खाऱ्याला मिळाले की हे कण एकमेकांना धरून जड होतात आणि तळाशी बसतात. वर्षानुवर्षे असे थर साचत जातात. एखादा कारखाना चाळीस वर्षांपूर्वी बंद पडला असला, तरी त्याने त्या काळात सोडलेले धातू आज तळापासून हातभर खाली जसेच्या तसे सापडतात, कारण त्यावर नंतरचा गाळ पांघरुणासारखा बसलेला असतो.

तळात गेल्यावर मात्र त्यांची परिस्थिती बदलते. खाडीच्या चिखलात प्राणवायू पृष्ठभागापासून फार तर काही मिलिमीटर खाली पोहोचतो. त्याखाली राहणारे जिवाणू श्वसनासाठी आधी नायट्रेट, मग मँगनीज आणि लोह यांचे ऑक्साइड, आणि ते संपले की सल्फेट वापरतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट असते, म्हणजे या जिवाणूंना त्याचा तुटवडा सहसा पडत नाही. त्यांच्या उद्योगातून सल्फाइड, म्हणजे गंधकाचे संयुग, तयार होते. चिखलाला येणारा काळा रंग लोहाच्या सल्फाइडाचा असतो आणि सडक्या अंड्यांचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. तांबे, शिसे, कॅडमियम, जस्त आणि निकेल यांची सल्फाइडे लोहाच्या सल्फाइडापेक्षाही कमी विरघळतात, म्हणून हे धातू लोहाला बाजूला सारून त्याच्या जागी स्वतः बसतात. अमेरिकेत डी टोरो आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये कॅडमियमवर केलेल्या कामातून हे स्पष्ट झाले की गाळात एकूण धातू किती आहे यापेक्षा त्याला बांधून ठेवायला पुरेसे सल्फाइड आहे की नाही, यावर त्याचे विषारीपण ठरते. थंड, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकल्यावर जे सल्फाइड वायूरूपाने बाहेर पडते ते मोजायचे, त्याच आम्लात जे धातू सुटतात तेही मोजायचे, आणि दोन्ही मोलमध्ये (वजनाऐवजी कणांच्या संख्येत) ताडून पाहायचे, अशी ती साधी युक्ती आहे. सल्फाइड जास्त भरले तर हे पाच धातू निदान तिथे, त्या क्षणी, जखडलेले आहेत असे समजावे.

'त्या क्षणी' हे शब्द मी मुद्दाम वापरले. सल्फाइडाची ही बेडी प्राणवायू नसेल तोवरच टिकते. गाळाचा नळकांडी नमुना ताजा कापताना मी हे शेकडो वेळा पाहिले आहे. नत्रवायू भरलेल्या पिशवीत हात घालून कापा काढला की तो शाईसारखा काळा आणि लोण्यासारखा मऊ असतो. तोच कापा पिशवीबाहेर टेबलावर ठेवला की त्याच्या कडा आधी राखाडी आणि मग तांबूस होऊ लागतात, आणि दुपारच्या चहाची वेळ होईपर्यंत वरचा सगळा थर विटकरी झालेला असतो. त्या रंगबदलात लोहाचे सल्फाइड हवेतील प्राणवायूशी संयोग पावत असते आणि त्याच्यासोबत बसलेले इतर धातू सुटे होत असतात. लोहाचे सल्फाइड काही मिनिटांत ते काही तासांत मोडते. जस्त आणि कॅडमियम यांच्या सल्फाइडांना काही तास ते काही दिवस लागतात. पायराइट हे लोहाचेच दुसरे सल्फाइड, ते त्याहून सावकाश मोडते. हा वेगातला फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण तीच चूक आजही अनेक अहवालांत अदृश्य रूपाने असते असा मला संशय आहे. उमेदीच्या काळात मी काही नमुने सैल तोंडाच्या प्लास्टिक पिशव्यांत भरून रात्रभर तसेच ठेवले. सकाळी चिखलाच्या कणांमधले पाणी पिळून तपासले तेव्हा त्यात जस्त इतके निघाले की आम्ही आनंदाने नवा स्रोत सापडल्याचे जाहीर करायच्या बेतात होतो. नमुने पुन्हा नीट, हवाबंद घेतल्यावर तो 'स्रोत' नाहीसा झाला. हवेशी संपर्क येऊन पिशवीतच सल्फाइड मोडले होते. उलट दिशेचीही फसगत होते: गाळ भट्टीत 105 अंशांना वाळवून, कुटून, तीव्र आम्लात विरघळवून मोजला की एकूण धातू मिळतात, पण ते कोणत्या रूपात होते याची खूण वाळवतानाच पुसून गेलेली असते. पाण्यातील सूक्ष्म प्रमाणात असलेले धातू मोजणे हे इतके नाजूक काम आहे की अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी समुद्राच्या पाण्यातील शिसे अत्यंत स्वच्छ पद्धतीने मोजायला सुरुवात केली तेव्हा आधीच्या कित्येक नोंदींतील शिसे समुद्राचे नसून बाटलीचे, बोटीचे आणि प्रयोगशाळेतील धुळीचे होते हे उघड झाले. तेव्हा 'मर्यादेत आढळले' असे कोणी म्हटले, की नमुना कसा घेतला, कसा ठेवला आणि कधी तपासला, हे विचारणे आगाऊपणाचे नाही.

आता गाळ ढवळल्यावर काय होते ते पाहू. खाडीचा तळ ढवळण्याची कारणे उपशापुरती मर्यादित नाहीत. उधाणाच्या भरतीचा जोर, वादळ, जहाजाच्या पंख्यामागचा पाण्याचा झोत, तळ खरवडत जाणारी जाळी, हे सगळे तेच काम करतात. बिळे करून राहणारे किडे तर रात्रंदिवस पाणी आत ओढत आणि बाहेर टाकत असतात. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाचा एक चौकोन कापून आडवा धरला तर बिळाभोवती नाण्याएवढे तांबूस कडे आणि त्यापलीकडे काळा चिखल, असे ठसठशीत चित्र दिसते. त्या प्रत्येक कड्यात प्राणवायू चार-पाच इंच खोल पोहोचलेला असतो. यंत्राने होणाऱ्या उपशाचे वेगळेपण इतकेच की जे काम किड्यांना आणि लाटांना वर्षे लागतात ते तो एका दुपारी करतो, आणि तेही वरच्या अलीकडच्या थरात नव्हे तर खालच्या, जुन्या, अधिक दूषित थरात.

ढवळलेला काळा गाळ प्राणवायूयुक्त पाण्यात पसरला की सल्फाइडे मोडू लागतात आणि धातू सुटतात. पण लगेच दुसरी क्रियाही सुरू होते: चिखलातून आलेले विरघळलेले लोह खाऱ्या, हवेशीर पाण्यात काही मिनिटांत गंजाच्या कणांत रूपांतरित होते आणि हे ताजे कण आसपासचे धातू पुन्हा ओढून घेतात. म्हणून ढवळल्यानंतर अर्ध्या तासाने पाणी तपासले तर धातू कमी आढळण्याची शक्यता पुष्कळ असते, आणि उपशाच्या बाजूने बोलणारे याचाच दाखला देतात. तो खोटा आहे असे मी म्हणत नाही. अनेक ठिकाणी, विशेषतः जिथे लोह भरपूर आणि धातू कमी आहेत तिथे, पाण्यात उतरणारा हिस्सा खरोखरच थोडा असतो. मात्र मँगनीज पुन्हा घनरूप व्हायला लोहापेक्षा खूप जास्त वेळ लागतो, आणि कॅडमियम व जस्त यांची सल्फाइडे सावकाश मोडत असल्यामुळे त्यांचे सुटणे लोहाचा जोर ओसरल्यावरही चालू राहू शकते. प्रचलित ढवळ-चाचणीत एक भाग गाळ आणि चार भाग पाणी अर्धा तास ढवळून, तासभर निवळू देऊन वरचे पाणी तपासतात. ही चाचणी निरुपयोगी नाही. पण ती पहिल्या दीड तासाचे उत्तर देते, आणि भरती-ओहोटीच्या खाडीत गाळ दीड तासानंतरही पाण्यातच असतो.

'थोडा हिस्सा' म्हणजे किती, याचा हिशेब एकदा करून पाहावा. समजा एका किलो कोरड्या गाळात 200 मिलिग्रॅम तांबे आहे आणि त्यातले फक्त एक टक्का पाण्यात उतरले. ते झाले 2 मिलिग्रॅम, म्हणजे 2000 मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने खाऱ्या पाण्यातील जीवांसाठी विरघळलेल्या तांब्याची दीर्घकालीन मर्यादा लिटरला 3.1 मायक्रोग्रॅम इतकी धरली आहे. म्हणजे एका किलो गाळातून सुटलेले तेवढेसे तांबे साडेसहाशे लिटरच्या आसपास पाणी त्या मर्यादेपर्यंत आणायला पुरते, तेही त्या पाण्यात आधी काहीच तांबे नव्हते असे धरून. उपशात हलवला जाणारा गाळ किलोंत मोजत नाहीत. अर्थात मोठ्या खाडीत तांबे विरळ होते, काही सेंद्रिय द्रव्याला बांधले जाऊन निरुपद्रवी होते, आणि म्हणून हा हिशेब भाकीत नव्हे. टक्केवारी लहान आहे म्हणून परिणाम लहान असेल असे गृहीत धरू नये, एवढ्यासाठी तो दिला.

आपल्या लेखात ज्याचा उल्लेखच नाही असा आणखी एक मुद्दा आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे: मीठ. कॅडमियमचा स्वभाव याबाबतीत विलक्षण आहे. गोड्या पाण्यात ते कणांना घट्ट चिकटून राहते, पण खाऱ्या पाण्यातील क्लोराइडाशी त्याची इतकी जवळीक आहे की कण जसजसा खाऱ्या पाण्यात शिरतो तसतसे कॅडमियम त्याला सोडून क्लोराइडासोबत विरघळते. यासाठी प्राणवायू लागत नाही, यंत्र लागत नाही. भरतीचे पाणी पुरते. फ्रान्समधील जिरोंद नदीमुखाचे उदाहरण या विषयात शिकवले जाते. तिथले कॅडमियम नदीमुखाजवळच्या कुठल्या कारखान्याचे नव्हते. ते आले शेकडो किलोमीटर वर, लोत नदीच्या खोऱ्यात जस्ताच्या खनिजावर चाललेल्या जुन्या उद्योगातून. वाटेतल्या जलाशयांच्या गाळात ते साठत गेले, पुरांबरोबर खाली येत राहिले, आणि नदीमुखात खाऱ्या पाण्याला भेटल्यावर विरघळून कालवांच्या शरीरात पोहोचले. तिथे कालवांच्या उत्पादनावर 1996 मध्ये बंदी घालावी लागली, म्हणजे मूळ खनिज प्रक्रिया थांबून कितीतरी वर्षे उलटल्यावर. नदीच्या गोड्या पाण्यातील तपासणीच्या आकड्यांवर विसंबून कोणी 'विरघळलेले कॅडमियम नगण्य' असे म्हटले असते तर ते अक्षरशः खरे ठरले असते आणि तरीही कालवांना काही उपयोग झाला नसता.

याचा एक परिणाम असा की नदीत वरून येणारे गोडे पाणी धरणांमुळे किंवा अवर्षणामुळे घटले, किंवा समुद्राची पातळी चढली, आणि खारे पाणी पूर्वीपेक्षा आत शिरू लागले, तर आजवर गोड्या पाण्याखाली शांत पडून असलेला गाळ प्रथमच मिठाच्या संपर्कात येतो. तिथे कोणी फावडेही मारलेले नसते. अशा पट्ट्याच्या गाळाची चाचणी करताना तो कोणत्या खारेपणाच्या पाण्यात ढवळला हे अहवालात लिहिलेले नसेल, तर मिळालेल्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही. मी पाहिलेल्या एका अहवालात, तो कोणत्या कार्यालयाचा हे सांगण्याची गरज नाही, खाडीचा गाळ नळाच्या पाण्यात ढवळून 'धातू सुटत नाहीत' असा निष्कर्ष काढला होता. तो वाचून मी हसावे की काय करावे ते कळेना.

पारा आणि आर्सेनिक यांचे वळण वेगळे आहे, थोडक्यात सांगतो. आर्सेनिक लोहाच्या ऑक्साइडांना चिकटलेले असते, त्यामुळे ते प्राणवायू आल्यावर नव्हे तर संपल्यावर सुटते. तळाजवळचे पाणी कुजून प्राणवायूहीन झाले की लोह विरघळते आणि त्याच्यासोबत आर्सेनिकही. पाऱ्याच्या बाबतीत किती सुटला यापेक्षा त्यातला किती मिथिल पारा (पाऱ्याचे सेंद्रिय रूप) झाला हे बघावे लागते, कारण सल्फेटवर जगणारे तेच जिवाणू त्याला या रूपात बदलतात आणि अन्नसाखळीत पायरीपायरीने वाढत जातो तो हाच. जपानमधील मिनामाता उपसागराची हकीकत वाचकांना ठाऊक असेल. आजाराची अधिकृत नोंद 1956 ची, कारखान्याचे पाऱ्याचे सोडणे थांबले 1968 मध्ये, पण तळातला गाळ तिथेच होता. त्यातला अधिक दूषित भाग काढून बंदिस्त भरावात टाकण्याचे काम 1977 ते 1990 असे तेरा वर्षे चालले आणि त्यातून सुमारे 58 हेक्टर जमीन तयार झाली. मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून उपसागराच्या तोंडाशी लावलेली जाळी 1997 मध्ये निघाली. तिथे गाळ ढवळू न देता शोषून घेणारी यंत्रे वापरली आणि काम चालू असताना पाणी आणि मासे सतत तपासले. काम करण्याची घाई नव्हती असे नाही, पण घाई कुठे करायची हे त्यांनी ठरवले होते.

हे उदाहरण मी मुद्दाम दिले, कारण माझे पत्र उपशाविरुद्ध आहे असा समज व्हायला नको. दूषित गाळ तिथेच ठेवणे हा नेहमीच सुरक्षित पर्याय नसतो. अमेरिकेतील हडसन नदीकाठच्या फाउंड्री कोव्हमध्ये निकेल-कॅडमियम बॅटरी कारखान्याने 1953 ते 1979 या काळात इतके कॅडमियम सोडले होते की तिथल्या चिखलातील किड्यांच्या एका जातीत कॅडमियम सोसण्याची आनुवंशिक क्षमता आली होती. 1990 च्या दशकात गाळ उपसून काढल्यानंतर थोड्याच पिढ्यांत ती क्षमता ओसरली, म्हणजे किड्यांना तिची गरज उरली नाही. साफसफाई झाली याचा इतका प्रामाणिक दाखला कुठल्याही शासकीय प्रमाणपत्रात मिळणार नाही. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल भागातील रेस्ट्राँगेट खाडीत मात्र तांब्याच्या खाणींचा गाळ अजून आहे, आणि तांबे सोसणारे किडेही आहेत. त्यांची नोंद 1971 मध्येच झाली. सगळीकडे किडे इतके तत्पर असतात असे धरून चालता येत नाही.

उपसलेल्या गाळाचे पुढे काय करायचे, याला लेखात एकच ओळ मिळाली आहे: 'किनाऱ्यावर पसरून वाळवला जाईल.' या ओळीवर खरे तर वेगळा लेख व्हायला हवा. पाण्यात ढवळलेला गाळ काही तासांत किंवा दिवसांत पुन्हा तळाशी बसतो, पण किनाऱ्यावर पसरलेल्या गाळात प्राणवायू महिनोन्महिने शिरत राहतो. तो वाळून भेगाळतो, भेगांतून हवा खोल जाते, सल्फाइडांचे सल्फ्युरिक आम्ल होते. गाळात शंख-शिंपल्यांचा चुना पुरेसा असेल तर आम्ल तिथेच मरते. तो संपला, किंवा मुळातच कमी असला, तर आम्लता वाढते आणि धातू झपाट्याने विरघळू लागतात. मग पहिला मोठा पाऊस त्यांना ओघळांतून परत त्याच खाडीत आणून सोडतो, आणि या वेळी ते कणांना चिकटलेले नसून थेट विरघळलेल्या रूपात असतात. अशा ढिगाच्या कडेला साचलेल्या डबक्यात शेंदरी रंगाचा साका आणि वर चमचमता तवंग दिसला, की आत काय चालले आहे ते समजून घ्यायला उपकरणाची गरज नसते. म्हणूनच नेदरलँड्समध्ये रॉटरडॅम बंदराचा दूषित गाळ 1987 पासून स्लुफ्टर नावाच्या बंदिस्त साठ्यात पाण्याखाली ठेवला जातो. पाण्याखाली असल्यामुळे सल्फाइडे मोडत नाहीत.

गाळ उपसताना पाण्यात लावायच्या पडद्यांबद्दलही गैरसमज दिसतो. लेखात 'पडद्यांमुळे प्रदूषण पसरणार नाही' असे म्हटले आहे. पडदा कण अडवतो, तेही प्रवाह मंद असेल तेव्हा. विरघळलेला धातू पाण्याबरोबर पडद्याखालून आणि पडद्यातून आरामात जातो. शिवाय तपासणीत 'विरघळलेले' म्हणजे 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून गेलेले, असा केवळ सोयीचा संकेत आहे. त्या गाळणीतून लोहाचे अतिसूक्ष्म कणही पार होतात आणि त्यांच्या पाठीवर धातू असतात.

तर मग काय तपासावे? उपसा ज्या खोलीपर्यंत होणार आहे तिथपर्यंतचे नळकांडी नमुने घेऊन थरांनुसार धातू आणि आम्लात सुटणारे सल्फाइड मोजावे. फक्त वरचा थर खरवडून चालत नाही, कारण यंत्र त्याखाली जाणार असते. कणांमधले पाणी हवेचा स्पर्श न होऊ देता तपासावे. 1994 मध्ये डेव्हिसन आणि झांग यांनी जेलच्या पातळ पत्र्यांची जी पद्धत मांडली, तिच्यात पत्रा गाळात खोचून ठेवला की गाळ प्रत्यक्षात किती धातू सोडायला तयार आहे याचा थरवार ठसा मिळतो. एकूण साठ्याच्या आकड्यापेक्षा हा आकडा कितीतरी अधिक बोलका असतो. ढवळ-चाचणी त्याच खाडीच्या पाण्यात, भरती आणि ओहोटीच्या वेळचे दोन वेगळे खारेपण घेऊन, अर्ध्या तासापुरती न ठेवता निदान दोन दिवस चालवावी आणि अधूनमधून पाणी काढून पाहावे. वाळवण्याचा बेत असेल तर गाळाचा एक भाग काही आठवडे वाळवून, ओला करून, त्यातून निथळलेल्या पाण्याची आम्लता आणि धातू बघावेत. यातले कुठलेच काम नवलाईचे नाही. समुद्रात टाकल्या जाणाऱ्या गाळाच्या बाबतीत लंडन करार 1972 चा आणि त्यावरचा पूरक करार (प्रोटोकॉल) 1996 चा आहे, आणि टाकण्याआधी गाळाचे मूल्यांकन करण्याची अपेक्षा त्यात आहे.

एवढ्या चाचण्यांना खर्च येतो, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो खोटा नाही. पण सगळीकडे सगळे करावे असे माझे म्हणणे नाही. वाळूचा, कमी धातूंचा, नदीतून नुकताच आलेला गाळ असेल तर साध्या चाचण्या पुरेत. जुने गोदीकाम, धातूकाम, कातडी कमावणे, रंग, खाणी यांचा इतिहास असलेल्या खाडीत मात्र आधी नकाशावर थरांचा पत्ता लावावा आणि मग यंत्र हलवावे. काही भाग उपसण्याऐवजी स्वच्छ वाळूच्या थराखाली झाकून ठेवणे बरे, असेही उत्तर येऊ शकते, आणि ते उत्तर यायला वाव ठेवायला हवा.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी 'सर्व धातू मर्यादेत' असे कोणी सांगितले तर नमुना भरतीला घेतला की ओहोटीला, एवढे तरी विचारावे. भरतीला खाडीत समुद्राचे स्वच्छ पाणी भरलेले असते आणि त्या वेळी बाटली भरून घेतली की बहुतेक आकडे सुंदर येतात. चिखलातून झिरपलेले पाणी खाडीत सर्वांत जास्त असते ते ओहोटीच्या शेवटच्या तासात, किनारा उघडा पडून चिखलातून बारीक ओहोळ वाहू लागतात तेव्हा. त्या तासाला नमुना घेणे गैरसोयीचे असते, बोट रुतते, पाय पोटरीपर्यंत चिखलात जातो, आणि मला वाटते, अहवालांत तो तास सहसा नसण्याचे कारणही तेवढेच आहे.

आपला,
गाळाच्या रसायनशास्त्रात काम केलेला एक निवृत्त वाचक